एक गिरणी, नऊ सह्या आणि माझा चुकलेला अर्ज

मी बेळगावात बिल्डिंगचे प्लॅन काढायचं काम करतो. सही इंजिनियर साहेबांची, रेघा माझ्या. जोडीला उतारे काढून देणं, खातं बदल, परवानगीचे अर्ज हे पण बघतो, कारण फॉर्म सगळे कन्नडमध्ये आणि आपल्या भागातल्या पन्नाशीच्या पुढच्या बऱ्याच लोकांना बोलण्यापुरतं कन्नड येतं पण वाचायचं म्हटलं की अडतं. माझी शाळा मराठीच झाली, कन्नड मी कामाला लागल्यावर शिकलो, त्यामुळं लोक विश्वासानं कागद माझ्या हातात ठेवतात. ह्या प्रकरणात तो विश्वास मी जवळजवळ घालवलाच होता, म्हणून पहिल्यापासून सगळं लिहून काढतोय. गल्लीचं नाव देत नाही, माणसांची पण देत नाही, दोन्ही बाजूची माणसं एकाच भिंतीच्या दोन अंगाला झोपतात.

वडगाव, खासबाग, शहापूर हा आपला विणकरांचा भाग. पुढं माग, मागं चूल, मधे झोपायची जागा, अशीच घरं. ज्यांचा अर्ज मी केला त्या अक्कांचं घर पण तसंच, कौलारू, दगडमातीच्या भिंती, शेजारच्या सरांच्या घराशी एक भिंत सामाईक. अक्कांच्या घरात चार यंत्रमाग होते. मालक वारले, पोरगा पुण्याला कंपनीत लागला, सुताचा भाव वर आणि साडीचा भाव खाली, शेवटी माग भंगारात गेले. पुढची खोली रिकामी झाली, १२ बाय १६ फूट. माग जिथं बसवले होते तिथं फरशीत बोल्टची भोकं अजून दिसतात, अक्का त्यावर पोतं टाकून ठेवायच्या, मी पहिल्यांदा माप घ्यायला गेलो तेव्हा टेपचा हुक त्यातल्याच एका भोकात अडकला.

त्या खोलीत अक्कांना पिठाची गिरणी टाकायची होती आणि बाजूला मिरची कांडप. हिशोब चांगला होता. गल्लीतली जुनी गिरणी बंद पडलेली, बायका दळपाचे डबे घेऊन मेन रोड ओलांडून जात होत्या, त्यात गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या जास्त. आणि आपल्याकडं मार्च ते मे म्हणजे वर्षाच्या चटणीचा सीझन, घरोघरी संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची आणून वाळवतात, कांडपवाल्याकडं रांग लागते. अक्का म्हणायच्या, "दळपावर वीजबिल निघंल, चटणीवर घर चालंल." हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी ह्याच वाक्याचा अर्धा भाग गेला.

पैशासाठी २०२० साली आलेली केंद्राची पीएमएफएमई योजना होती, छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगाला कर्जाशी जोडलेलं ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख. अक्कांना त्यातलं थोडंच लागणार होतं. बँकेतल्या बाईंनी कागद बघून एकच प्रश्न विचारला, जागा कमर्शियल आहे का?

इथून पुढची चूक माझी.

शहराचा मास्टर प्लॅन म्हणजे रंगवलेला नकाशा असतो. पिवळा रंग म्हणजे निवासी, निळा म्हणजे व्यापारी, जांभळा औद्योगिक, हिरवा बाग आणि मैदान. अक्कांची गल्ली पिवळ्यात. बँक कमर्शियल विचारते म्हणजे पिवळ्याचा निळा करायचा, असं मी सरळ धरलं. त्याला रस्ता आहे तो कर्नाटक नगर आणि ग्राम नियोजन कायदा १९६१ चं कलम १४अ. ह्या कलमाखाली नियोजन प्राधिकरण मास्टर प्लॅनमधला जमिनीचा वापर बदलायला परवानगी देऊ शकतं, पण अटी आहेत. बदल सार्वजनिक हिताचा पाहिजे, ह्या किंवा दुसऱ्या कुठल्या कायद्याच्या विरोधात नको, आणि त्या भागात खपणाऱ्या एक किंवा जास्त दैनिकांत प्रस्ताव छापून लोकांच्या हरकती मागवायला पाहिजेत. परवानगी मिळाली की वापर बदलाची फी वेगळी, ती कलम १८ खाली. मी ह्या कलमाचे अर्ज पुष्कळ केलेत, पण ते बहुतेक मोठ्या रस्त्यावरच्या प्लॉटवाल्यांचे, ज्यांना खाली शोरूम आणि वर ऑफिसं काढायची असतात. सवयीनं तोच नमुना अक्कांच्या अर्जाला लावला. पूर्ण सीटीएस नंबर, म्हणजे सिटी सर्व्हेतली सगळी जागा, पूर्ण क्षेत्रफळ, निवासीतून व्यापारी. गिरणीचं नाव फक्त सोबतच्या पत्रात, फॉर्ममध्ये नाही. प्लॅनची प्रिंट काढली, सही घेतली, जमा केला, दोन तासाचं काम.

जाहिरात निघाली. खर्च अक्कांनीच केला. एका कन्नड दैनिकात, आतल्या पानावर, दोन बोटं रुंद. सीटीएस नंबर, क्षेत्रफळ, निवासीतून वाणिज्य वापर, हरकत असेल तर मुदतीत लेखी कळवावी. गिरणी हा शब्दच नाही, कारण मी फॉर्ममध्ये लिहिलाच नव्हता.

आता आपल्याकडं कसं आहे, ह्या गल्लीत सकाळी मराठी पेपर येतो. चार घरं कन्नड बोलणारी आहेत, विणकरच, पिढ्यान्‌पिढ्या शेजारी, ते पण चहाच्या दुकानात मराठी पेपर वाचतात. त्यामुळं जाहिरात कुणीच बघितली नाही. मुदत संपायला चार दिवस असताना सरांच्या भाच्यानं कुठूनतरी तिचा फोटो मिळवून व्हॉट्सअपवर टाकला, आणि खाली कुणीतरी लिहिलं, अक्कांच्या घरी बार येणार. संध्याकाळपर्यंत बारचं लॉज झालं, दुसऱ्या दिवशी कुणीतरी कल्याण मंडप, म्हणजे मंगल कार्यालय म्हणालं. अक्कांशी तोवर कुणीही बोललं नव्हतं, आणि अक्का पण कुणाशी बोलल्या नव्हत्या, मी त्यांना सांगितलं होतं की हा कागदोपत्रीचा विषय आहे, गाजावाजा करू नका. हा सल्ला मी आता कुणालाच देत नाही.

त्यात भर म्हणजे अक्कांनी जुनी गिरणी स्वस्तात मिळाली म्हणून परवानगीआधीच आणून बसवली होती, ५ एचपीची मोटर, आणि मिस्त्रीनं एक दिवस अर्धा तास चालवून बघितली. मला उशिरा कळलं. लोकांनी दोन्ही गोष्टी जोडल्या, गुपचूप जाहिरात आणि गुपचूप मशीन.

सर हायस्कूलला गणित शिकवून रिटायर झालेले, शिस्तीचे. त्यांनी हरकतीचा अर्ज लिहिला, मराठीत, सुवाच्य अक्षरात, खाली नऊ सह्या, त्यात दोन सह्या कन्नड लिपीत. हे मुद्दाम सांगतोय, कारण बाहेरचा माणूस बेळगाव म्हटलं की प्रत्येक भांडणात भाषा शोधतो. ह्या भांडणात दोन्ही भाषा एकाच कागदावर एकाच बाजूला होत्या.

पण भाषेचा त्रास वेगळ्या ठिकाणी झाला. सरांना कुणीतरी सांगितलं की मराठीत लिहिलेली हरकत घेत नाहीत, कन्नडमध्येच पाहिजे. उद्या मुदत संपणार, सर रात्री साडेनऊला माझ्याकडं आले, त्यांना माहीत होतं की अक्कांचा अर्ज मीच केलाय. उंबऱ्यावर उभे राहिले, आत येईनात. म्हणाले, "तू आमच्या विरोधातला माणूस, पण कन्नड तुलाच येतं, काय करू सांग." मी त्यांना खुर्ची दिली आणि सांगितलं की राज्यघटनेचं कलम ३५० आहे, तक्रारीचं निवेदन कुठल्याही अधिकाऱ्याला राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतं. मराठी ह्या राज्यात वापरात आहे हे कुणाला पटवून द्यायची गरज नाही. शिवाय जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत पण द्याव्यात हे १९५६ पासूनच्या भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणात लिहिलेलं आहे. मी त्यांच्या अर्जाला कन्नडमधून एक पानाचा गोषवारा जोडून दिला, वाचणाऱ्याला सोपं जावं म्हणून, आणि पोच घ्यायला सांगितलं. अर्ज आवकमध्ये गेला, शिक्का बसला.

अक्कांना दुसऱ्या दिवशी हे मीच सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, पण पदर तोंडाला लावून बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "मग आता तू कुणाचा रे?" मला उत्तर आलं नाही. आज विचारलं तर सांगेन, हरकत नीट लिहून आली तर अर्जदाराचंच भलं होतं, कारण निदान समोरचा नक्की कशाला भितोय ते कागदावर कळतं. तोंडी भांडणात ते कधीच कळत नाही.

आणि कळलंच. मी ती हरकत त्या रात्री दोनदा वाचली. चार मुद्दे होते. भिंतीला हादरे, मिरचीची धूळ, रस्त्यावर गाड्या. चौथा मुद्दा शेवटी होता पण अक्षर जास्त दाबून लिहिलेलं: आज गिरणी म्हणतात, उद्या घर विकलं आणि घेणाऱ्यानं दारूचं दुकान काढलं तर आम्ही कुठं दाद मागायची?

ह्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं, कारण सरांचं बरोबर होतं. पूर्ण सीटीएस नंबर एकदा निळा झाला की तो अक्कांसाठी निळा होत नाही, तो जमिनीसाठी निळा होतो. अक्का गेल्या, पोरानं विकलं, तरी निळाच. गल्लीला गिरणीची भीती नव्हती, निम्म्या बायका आतून वाट बघत होत्या. भीती होती ती माझ्या फॉर्ममधल्या एका शब्दाची.

सुनावणीची पहिली तारीख डिसेंबरात पडली. डिसेंबरात इथल्या सुवर्णसौधला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असलं की बंदोबस्त, पाहुणे, ड्युट्या, सगळं शहरच त्यात गुंतलेलं असतं, तारीख पुढं गेली. तो महिना मिळाला म्हणून हे प्रकरण वाचलं असं मी मानतो.

त्या महिन्यात एका रविवारी मी अक्कांना घेऊन सरांच्या घरी गेलो. अक्का वीस वर्षं त्या घरात हळदीकुंकवाला जातात, त्या दिवशी चपला काढताना त्यांचे हात थरथरत होते. सरांच्या बाईंनी, आम्ही त्यांना काकू म्हणतो, चहा ठेवला आणि मग काही न बोलता सामाईक भिंतीतल्या देवळीत पाण्यानं भरलेली वाटी ठेवली. म्हणाल्या, "जा, चालू करा तुमचं मशीन." मी पलीकडं जाऊन बटण दाबलं, दाणे न घालता नुसतीच फिरवली, आणि धावत परत आलो. वाटीतलं पाणी कडेपासून मधोमध बारीक गोल गोल होऊन थरथरत होतं, देवळीच्या वरच्या कडेवरून मातीची पावडर रेघेसारखी खाली येत होती आणि वाटीत पडत होती. कुणी काही बोललं नाही. काकू म्हणाल्या, "तीस वर्षं मागाचं सोसलं, तेव्हा आमच्यातही माग होते. आता सासूबाई ह्या भिंतीला डोकं करून झोपतात, त्यांना दमा हाय." आतल्या खोलीतून खोकला ऐकू येतच होता.

घरी येताना अक्का एवढंच म्हणाल्या, "मला वाटलं ही मत्सर करूलालीत."

मिस्त्रीला बोलावला. तो म्हणाला मशीन सरळ फरशीला बोल्ट मारलंय, तेही मागाच्या जुन्या भोकांत, आणि भिंतीपासून दीड फुटावर. त्यानं ते उचलून समोरच्या भिंतीकडं, म्हणजे अक्कांच्याच अंगणाच्या बाजूला नेलं, खाली फरशी फोडून वेगळा काँक्रीटचा चौथरा, चौथऱ्याच्या भोवती दोन बोटं फट ठेवून त्यात वाळू, आणि मशीनच्या पायाखाली जाड रबराचे पॅड. पट्टा पण बदलला. काकूंनी परत वाटी ठेवली. पाणी हललं नाही असं नाही, पण बघायला खाली वाकावं लागलं. आवाजाचं म्हणाल तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल मर्यादा आहे, दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. मोबाइलच्या अॅपवर मोजलेलं पुरावा म्हणून चालत नाही हे मला माहीत आहे, तरी सरांनी आणि मी त्यांच्या खिडकीत मोजलं, खिडकी उघडी असताना वर जायचं, झडप लावली की खाली. मग अक्कांच्या बाजूच्या खिडकीला दुहेरी झडप लावायचं ठरलं.

मिरचीवर मात्र उपाय निघेना. पंखा लावून धूळ मागं सोडायची म्हटलं तर मागं दुसरं घर. धुराडं वर न्यायचं म्हटलं तर कौलं, खर्च, आणि वारा ज्या दिशेला जाईल तिकडचं घर खोकणार. दमा असलेल्या म्हातारीच्या भिंतीला लागून कांडप, ह्याला मी कसाही प्लॅन काढला तरी तो कागदावरच चांगला दिसणार होता.

सुनावणी जानेवारीत झाली. सुनावणी म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर कोर्ट येतं. तसं काही नसतं, एक लांब टेबल, पाच सहा फायली, बाहेर बाकावर माणसं, नाव पुकारलं की आत. आमच्या आधी एका हॉस्पिटलवाल्याचं होतं ते वीस मिनिटं चाललं, आमचं बारा. अधिकारी कन्नडमध्ये विचारत होते, सर मराठीत उत्तर देत होते, अधिकाऱ्यांना मराठी समजत होतं आणि सरांना कन्नड, कुणालाच मधे माणूस लागला नाही. बेळगावात हे रोज होतं.

सरांनी पहिलंच वाक्य चांगलं टाकलं: "गिरणी नको असं आमचं म्हणणं नाही. कमर्शियल नको." मग अधिकाऱ्यांनी फाइल उलटून माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, गिरणीच काढायची आहे तर पूर्ण वापर बदल कशाला मागितला, झोनिंगची, म्हणजे कुठल्या पट्ट्यात काय चालतं ह्याची, नियमावली बघितली का?

बघितली होती, पण अक्कांच्या कामाला नाही बघितली. नियमावलीत निवासी पट्ट्यासाठी दोन याद्या असतात. पहिल्या यादीतलं सरळ चालतं. दुसरी यादी अशी की खास परिस्थितीत प्राधिकरणानं परवानगी दिली तर चालतं, त्यावर अटी घालता येतात. छोट्या मोटरवर चालणारे घरगुती आणि सेवा धंदे ह्याच याद्यांमधून बसतात, मोटरची ताकद आणि जागेचं क्षेत्रफळ ह्याची मर्यादा पाळून. ही मर्यादा प्रत्येक गावाच्या नियमावलीत आपापली असते, तेव्हा आपल्या गावची प्रत काढून बघणं आलं, दुसऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नये. जमिनीचा रंग पिवळाच राहतो, परवानगी त्या वापरापुरती. म्हणजे सरांच्या चौथ्या मुद्द्याला जे उत्तर माझ्याकडं नव्हतं ते माझ्याच कपाटातल्या पुस्तकात होतं.

मी तिथंच सांगितलं की अर्ज चुकलाय, चूक माझी आहे, बाईंची नाही, आणि मागं घ्यायची परवानगी मागितली. लाज वाटली, खोटं नाही बोलत. अक्कांना वाटलं सगळं संपलं. त्या उठून उभ्या राहिल्या आणि अधिकाऱ्यांना कन्नडमध्ये म्हणाल्या, मी म्हातारी नाही, अजून दहा वर्षं काम करू शकते, मला भीक नको. सर मान खाली घालून बसले होते.

एक मुद्दा आम्ही मांडला पण टिकला नाही, तो पण सांगतो कारण आपल्या विणकर भागात हा प्रत्येकाच्या डोक्यात असतो. आमच्यात आधी माग होते, ३० वर्षं आवाज होता, मग आता का नको? उत्तर मिळालं की आधी चालू होता तो माग, मागता आहात ती गिरणी, वापर नवा म्हणजे तपासणी नवी. मला ते पटलं. काकूंच्या सासूबाई ३० वर्षांपूर्वी दम्यानं झोपलेल्या नव्हत्या.

आणि गल्लीतला एक मुद्दा पण टिकला नसता, जाहिरात आम्हाला कळलीच नाही म्हणून सगळंच रद्द करा हा. एक किंवा जास्त दैनिकं असं कायद्यात आहे, एकात छापून आलं होतं. आपल्याच राज्यातल्या, बंगळूरच्या विकास आराखड्याच्या खटल्यात १९८७ साली सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की कायद्याचं बंधन घालायचं तर तो लोकांपर्यंत प्रसिद्ध व्हायलाच पाहिजे, पण आराखडा कुठं बघायला मिळेल हे राजपत्रात सांगितलं होतं ते कोर्टानं पुरेसं धरलं. म्हणजे घरी येऊन कुणी सांगणार नाही. तेव्हा जो एक किंवा जास्त हा शब्द आहे त्यातल्या "जास्त"चा उपयोग अर्जदारानं स्वतः करावा. दुसरी जाहिरात मराठी पेपरमध्ये द्यायला कुणी अडवत नाही.

नवा अर्ज आम्ही तसाच केला. पुढच्या खोलीपुरतं माप, ५ एचपी, चौथऱ्याचा क्रॉस सेक्शन, रबर पॅड, दुहेरी झडप, गाड्या लावायला अंगणात जागा. सोबत सरांच्या नऊ जणांपैकी सात जणांचं पत्र, मराठी आणि कन्नड दोन्हीत, की ह्या अटी पाळल्या तर आमची हरकत नाही. दोघांनी सही दिली नाही आणि आम्ही त्यांच्या दारात दुसऱ्यांदा गेलो नाही, तो त्यांचा हक्क आहे. ह्यावेळी दोन्ही भाषेतल्या पेपरला गिरणी ह्या शब्दासकट छापून दिलं, आणि एक कागद गल्लीतल्या मारुतीच्या देवळाच्या फळ्यावर चिकटवला.

हे सगळं कशाला करायचं, गुपचूप चालू करायची, कोण बघतंय, असं मला अजून लोक म्हणतात. २००६ साली दिल्लीत सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं निवासी भागातल्या दुकानांना सील लागायला लागलं तेव्हा वर्षानुवर्षं चाललेले धंदे शटर पाडून बसले होते. त्यातल्या कित्येकांना कोण बघतंय असंच वाटलं होतं. अक्कांनी कर्ज काढलेलं, त्यांना एक महिना शटर पडलेलं परवडलं नसतं.

परवानगी मार्चच्या अखेरीला आली. गिरणीला होकार, सकाळी आठ ते संध्याकाळी सात, दुपारी एक ते तीन बंद, रविवारी अर्धा दिवस, परवानगी अक्कांच्या नावावर आणि ह्याच वापरापुरती, जागा दुसऱ्याच्या हातात गेली की संपली. मिरची कांडपाला नकार.

अक्कांनी तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. नकाराच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "म्हणजे वीजबिल निघंल." पुढचं अर्ध वाक्य बोलल्या नाहीत. मी त्यांना अपिलाचं सांगितलं, त्यांनी नको म्हटलं, काकूंच्या सासूबाईंचा खोकला त्यांना पण भिंतीतून ऐकू येतो. मला अजून वाटतं की कांडपासाठी दुसरी जागा, उद्यमबागच्या औद्योगिक वसाहतीच्या बाजूला चार बायकांनी मिळून एक शेड, असं काही जमवता आलं असतं आणि त्यासाठी मी पुरेसं पळालो नाही. सध्या अक्का गिऱ्हाइकांच्या मिरच्या गोळा करून रिक्षानं दुसऱ्या कांडपावर नेतात, किलोमागं थोडं मिळतं.

त्यानंतरची कागदं पटापट झाली. महानगरपालिकेचं ट्रेड लायसन, १९७६ च्या कर्नाटक महानगरपालिका कायद्याच्या कलम ३५३ खालचं, मग हेस्कॉम ह्या वीज कंपनीचं मीटर घरगुतीतून एलटी ५ ह्या उद्योगाच्या दरात, मग बँक. हा क्रम उलटा करता येत नाही, आधी जागेचा वापर ठरतो आणि बाकी सगळं त्याच्या मागून येतं, बँकेतल्या बाईंचा पहिला प्रश्न त्या अर्थानं बरोबर होता, मी तो चुकीचा ऐकला. त्यांना पाहिजे होतं ते एवढंच की ह्या जागेत हा धंदा कायद्यानं चालतो का. आता कुणी विचारलं की बँक कमर्शियल मागते, तर मी आधी बँकेला लेखी विचारायला सांगतो, वापर बदल पाहिजे की वापराची परवानगी चालेल.

परवा चौथऱ्याच्या कडेची वाळू बसलीय का बघायला गेलो होतो. ज्वारीचं दळप चालू होतं, पिठाचा गरम वास, अक्कांच्या भुवया पांढऱ्या. भिंतीवर परवानगीच्या अटींचा कन्नड कागद काचेत लावलाय, आणि त्याच्या खाली सरांनी आपल्या अक्षरात त्याचं मराठी करून चिकटवलंय, अट एक, अट दोन, सगळं ओळीनं. मी उगाच दोन्ही ताडून बघितलं. कन्नडमध्ये बंद करायची वेळ सात आहे, सरांनी पावणेसात लिहिलंय. अक्कांना विचारलं तर म्हणाल्या, "हाय की माहीत. सासूबाई सातला जेवून आडव्या होतात." पावणेसातला त्यांनी पट्टा उतरवला.